नांदावयास येण्याची नोटीस

ढाणकीसारख्या गावात टपालाने आलेले रजिस्टर पत्र अजूनही घरातली सगळी कामे थांबविते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील उमरखेड तालुक्यातले हे गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा लागतो. इकडच्या लेकी नदीपलीकडे हिमायतनगर-हदगावच्या बाजूला दिल्या जातात, तिकडच्या मुली इकडे सुना होऊन येतात. अशीच एखादी लेक सासरचा मार सोसून, अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी परतलेली असते. चार-सहा महिने निरोपानिरोपी, नातेवाइकांच्या बैठकी आणि मध्यस्थांच्या फेऱ्या होतात, आणि मग एके दिवशी ते पत्र येते. मजकूर बहुधा ठरलेला. आपण सबळ कारणाविना पतीगृह सोडले आहे, तरी अमुक दिवसांच्या आत नांदावयास यावे, अन्यथा कायदेशीर इलाज करावा लागेल आणि त्याचा खर्च आपणांवर राहील. मुलीचा बाप ते पत्र घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे किंवा नगरपंचायतीतल्या ओळखीच्या कारकुनाकडे जातो. गुरुजी ते वाचतात, चष्मा काढून ठेवतात, आणि पुष्कळदा सल्ला देतात तो मुलीला एकवार पाठवून पाहण्याचा.

या सल्ल्याविषयी काही लिहावयाचे तर त्या पत्राचा इतिहास सांगणे भाग आहे. असे पत्र 1884 साली मुंबईतल्या एका घरी आले. त्याचे पुढे जे झाले त्याने मुंबई आणि पुणेच नव्हे, तर लंडनमधली वृत्तपत्रेही ढवळून काढली. त्या पत्राचा विषय असलेली मुलगी म्हणजे रखमाबाई. तिचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आता परिचित झाले आहे. तिच्यावर 2016 साली चित्रपटही निघाला. परंतु आपल्या लोकांना ती आठवते ती डॉक्टरीणबाई म्हणून. तिचा खटला नेमका कशाचा होता हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही.

रखमाबाईचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असतानाच वारले आणि आई जयंतीबाई ऐन सतराव्या वर्षी विधवा झाली. हे घराणे सुतार समाजातले असल्यामुळे विधवेच्या पुनर्विवाहाला तेथे जातीची आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मात्र त्यापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे दोन्ही पक्षांनी एकमेकांवर जे आरोप केले त्यांत या मालमत्तेचा उल्लेख वारंवार येतो.

सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविणारे डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, आणि 1883 साली मुंबईत निसर्ग-इतिहासाचा अभ्यास करणारी जी प्रसिद्ध संस्था स्थापन झाली तिच्या आठ संस्थापकांत जे दोघे भारतीय होते त्यांपैकी एक. वैद्यकीय विषयांवर त्यांनी मराठीत लिहिले. तरीही घरातल्या मुलीचे लग्न अकराव्या वर्षी लावण्याचे त्यांनाही टाळता आले नाही, हे त्या काळाचे बळ. वर दादाजी भिकाजी हा त्यांच्याच नात्यातला, एकोणीस-वीस वर्षांचा. ठरले असे की त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि काही बनावे. त्याचा भार सासरच्यांनी उचलावा. मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा संस्कार लगेच उरकण्याची रीत होती. डॉक्टर या नात्याने सखाराम अर्जुनांनी त्याला ठाम नकार दिला. दादाजीला हे रुचले नाही, शिक्षणही रुचले नाही. तो मामाकडे जाऊन राहिला आणि कर्जबाजारी झाला. त्या मामाच्या घरचे वातावरण असे होते की कोणत्याही सुज्ञ मनुष्याने आपली मुलगी तेथे धाडली नसती.

अशी आठ-नऊ वर्षे गेली. रखमाबाई आई-वडिलांच्या घरीच राहिली. शाळा लग्नाबरोबरच सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती वाचीत राहिली. सावत्र वडिलांकडे येणाऱ्या मंडळींचे बोलणे कानांवर पडत होते. इंग्रजी तिने बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले. सासरी ती एक दिवसही नांदली नव्हती.

मार्च 1884 मध्ये दादाजीच्या वकिलांचे पत्र आले. येथे एक बारकावा आहे, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. ते पत्र रखमाबाईला नव्हते. सखाराम अर्जुनांना होते. माझ्या पत्नीला माझ्याकडे येण्यापासून अडविणे बंद करावे, असा त्याचा आशय. म्हणजे एकोणीस वर्षांच्या शिकलेल्या स्त्रीला स्वतःचे काही मत असू शकेल ही कल्पनाच त्या पत्रात नव्हती. सखाराम अर्जुनांची स्थिती अवघड होती. दादाजी त्यांचा आप्त, लग्न त्यांनीच लावलेले, समाजात मानाचे स्थान. त्यांनी प्रथम सभ्य भाषेत उत्तरे दिली. तेवढ्याने भागले नाही तेव्हा स्वतः वकील दिला. रखमाबाईचा नकार खरा, निर्धारही तिचाच. परंतु त्या नकाराला उभे राहावयास जागा हवी होती. ती जागा या गृहस्थाने दिली. एप्रिल 1885 मध्ये, खटला सुनावणीस येण्यापूर्वीच, ते वारले.

त्याच वर्षी जून व सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही होती ती एक हिंदू स्त्री अशा टोपणनावाची. बालविवाहाने मुलीचे शिक्षण, आरोग्य आणि मन यांची कशी माती होते आणि वैधव्याची सक्ती कशी अमानुष आहे, हे त्या पत्रांत स्वानुभवाच्या अधिकाराने लिहिले होते. ती पत्रे रखमाबाईची होती हे उघड व्हावयास वेळ लागला नाही.

खटला उच्च न्यायालयात न्या. रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यापुढे 19 सप्टेंबर 1885 रोजी चालला आणि दोनच दिवसांत निकाल लागला. रखमाबाईच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. वैवाहिक हक्कांचे प्रत्यास्थापन हे या दाव्याचे कायद्यातले नाव. साध्या मराठीत सांगावयाचे तर बायकोला नांदावयास पाठविण्याचा हुकूम. पिन्ही यांनी तो देण्यास नकार दिला. जी स्त्री अजाण वयात विवाहित झाली, जिने कधी संसार थाटलाच नाही, तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्या पुरुषाच्या हवाली करणे त्यांना क्रूर वाटले. शिवाय या दाव्याचे मूळ इंग्लंडातल्या धर्मपीठांच्या न्यायालयांत आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

आता इतिहासातली गंमत पाहा. या निकालाने धर्म बुडाला म्हणून ज्यांनी गहजब केला, त्यांत केसरी आणि मराठा या पत्रांतून लिहिणारे टिळक अग्रभागी होते. परकीय न्यायाधीशाने हिंदूंच्या कुटुंबव्यवस्थेत हात घातला, असा त्यांचा आक्षेप. वस्तुतः ज्या हत्याराचा बचाव ते करीत होते ते हत्यारच परकीय होते. प्रिव्ही कौन्सिलने 1867 साली एका मुसलमान दाम्पत्याच्या प्रकरणात असा दावा चालू शकतो असे म्हटले, आणि तेथून त्याला या देशात बळ आले. खुद्द इंग्लंडात असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात धाडण्याची तरतूद 1884 मध्ये रद्द झाली, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी. मालकांनी टाकून दिलेली बेडी नोकरांनी धर्म म्हणून जपावी, असा तो प्रकार. टिळकांच्या इतर कार्याविषयी आदर बाळगूनही, या प्रकरणी त्यांची बाजू चुकीची होती, हे आता स्वच्छपणे म्हटले पाहिजे.

दादाजीने अपील केले. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी मार्च 1886 मध्ये पिन्हींचा निर्णय फिरविला आणि प्रकरण पुन्हा चालविण्यास परत पाठविले. 4 मार्च 1887 रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईने एक महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. हुकूम ऐकल्यावर या बावीस वर्षांच्या स्त्रीने जे कळविले ते असे, की आपण तुरुंगात जाऊ, त्या घरी जाणार नाही. शिक्षा जास्तीत जास्त झाली तरी हरकत नाही.

एवढा एक निर्णय तिच्या चरित्रातून काढून घेतला तर बाकीचे सारे इतिहासाच्या तळटीपेत गेले असते. ध्यानात घ्यावे की तिला दादाजीने मारहाण केलेली नव्हती. तिचे प्रकरण अंगावर वळ दाखविता येण्याजोगे नव्हते. तिचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा होता. ज्या घरात जावेसे वाटत नाही त्या घरात जाण्याची सक्ती न्यायालय करू शकते काय? ज्या स्त्रिया मार खाऊन परतलेल्या असतात त्यांचाही पहिला झगडा याच उंबऱ्यावर होतो. मारहाण सिद्ध करण्याची वेळ पुढे येते; परत न जाण्याची मुभा आधी लागते.

तिच्या बाजूने मुंबईत एक बचाव समिती उभी राहिली. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ आणि पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी त्यात पुढाकार घेतला. पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. त्यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची कहाणी संतापाने सांगितली. लंडनच्या टाइम्समध्ये एप्रिल 1887 मध्ये रखमाबाईचे पत्र छापून आले. दादाजीनेही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली आणि हे सारे मालमत्तेसाठी चालले आहे असे लिहिले. रखमाबाईने तिलाही जाहीर उत्तर दिले.

अखेर काय झाले याविषयी लोकांत एक गोड कथा आहे, की विलायतेच्या राणीने हा विवाह मोडला. तसे काही घडले नाही. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला दावा सोडला. म्हणजे तुरुंगवास टळला तो कायदा बदलला म्हणून नव्हे, तर पैसे मोजले गेले म्हणून. हुकूम आपल्या जागी तसाच राहिला. ज्या बाईकडे दोन हजार रुपये नसतील तिचे काय, हा प्रश्न त्या तडजोडीने पुढच्या पिढ्यांकडे ढकलला.

पुढची कथा सर्वश्रुत असल्याने त्वरेने सांगतो. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पेची यांनी तिला वैद्यकाकडे वळविले. 1889 साली ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाली. 1894 मध्ये पदव्या घेऊन परतीच्या वाटेला लागली. काही दिवस मुंबईत काम करून 1895 मध्ये ती सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाली. 1918 पासून राजकोटच्या जनाना इस्पितळात होती. एकूण सुमारे पस्तीस वर्षे तिने गुजरातेतल्या बायकांची बाळंतपणे आणि दुखणी पाहिली. पुन्हा विवाह केला नाही. 1929 मध्ये पडदापद्धतीविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. निवृत्तीनंतर मुंबईस परतली.

एक गोष्ट मात्र चरित्रकारांना कोड्यात टाकणारी आहे. दादाजी 1904 मध्ये वारल्याचे कळल्यावर तिने विधवेचे पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला त्याच्या नावाने हे वैधव्य कशासाठी? कोणी यात रूढीपुढे हार पाहतात. आमच्या मते एवढ्या घाईने निकाल देऊ नये. परक्या गावात, परजातीच्या बायकांत वावरणाऱ्या एकट्या स्त्री-डॉक्टरला पांढऱ्या लुगड्याने एक प्रकारचे संरक्षण दिले असेल. किंवा कायद्याने लादलेले नाते झुगारूनही लोकरीतीचे ऋण तिच्या मनात कुठे शिल्लक असेल. माणसे आपल्या बंडापेक्षा मोठी असतात आणि कधी त्याहून गुंतागुंतीचीही.

25 सप्टेंबर 1955 रोजी रखमाबाईचे निधन झाले. वय नव्वद. त्याच वर्षी 18 मे रोजी हिंदू विवाह कायदा अंमलात आला होता. घटस्फोट देणारा, द्विभार्या बंद करणारा तो क्रांतिकारक कायदा. त्याच्या नवव्या कलमात मात्र वैवाहिक हक्कांचे प्रत्यास्थापन जसेच्या तसे येऊन बसले होते. हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात धाडण्याची तरतूद तेवढी 1923 साली दिवाणी संहितेतून गेली होती; मालमत्तेवर जप्ती आणण्याची राहिली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा पिन्हींच्या निकालाला शंभर वर्षांनी दाद मिळाली असे वाटले. परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. इंग्लंडने हा दावा 1970 सालीच कायमचा मोडीत काढला आहे.

कोणी म्हणेल, तुरुंग नाही तर आता या हुकुमाला भ्यावयाचे कशास? याचे उत्तर ढाणकीला येणाऱ्या नोटिशीत आहे. हुकूम झाल्यावर वर्षभर एकत्र राहणे झाले नाही, तर त्याच कारणावरून घटस्फोट मागता येतो. शिवाय सबळ कारणाविना नांदावयास नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. त्यामुळे पुष्कळदा ही नोटीस बायको परत यावी म्हणून धाडलेलीच नसते. पोटगी चुकविण्याची ती पहिली पायरी असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये हे स्पष्ट केले की पतीच्या बाजूने असा हुकूम झाला आणि पत्नी गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. न जाण्याचे कारण पाहिले पाहिजे. गुरुजींना हा निकाल ठाऊक असावा अशी अपेक्षा फार मोठी नाही.

त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यापूर्वी, 1983 पासून, दंडसंहितेत 498-अ हे कलम होते. आता 1 जुलै 2024 पासून त्याची जागा नव्या न्यायसंहितेच्या 85 व 86 या कलमांनी घेतली आहे. परंतु ते शिक्षेचे कलम. नवऱ्याला तुरुंगात घालून माझ्या लेकरांचे काय, या विचाराने पुष्कळ बायका पोलीस ठाण्याच्या पायरीवरून परततात. 2005 च्या कायद्याची रीत निराळी आहे. मारहाण, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाअडक्याची कोंडी या साऱ्यांना तो हिंसा मानतो. दंडाधिकारी पतीला त्रास न देण्याचा आदेश देऊ शकतो, राहत्या घरातून काढण्यास मनाई करू शकतो, खर्चाला पैसे द्यावयास लावू शकतो. आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. रखमाबाईच्या प्रकरणात कैदेची तलवार बाईच्या डोक्यावर होती. येथे ती हिंसा करणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

पैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना या कायद्यातले सत्ताविसावे कलम विशेष कामाचे आहे. नदीच्या अलीकडचा यवतमाळ जिल्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली, पलीकडचा नांदेड औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, खंडपीठाखाली. नवरा आपला दावा जेथे दोघे शेवटचे एकत्र राहिले तेथे, म्हणजे आपल्या बाजूला लावतो, आणि बाईला तारखेतारखेला नदी ओलांडावयास लावतो. परंतु हिंसाचाराविरुद्धचा अर्ज बाई जेथे राहते तेथे, तात्पुरती राहत असली तरी, करता येतो. माहेर ढाणकीला असेल तर अर्ज उमरखेडच्या न्यायालयात चालतो. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात हे न्यायालयाच्या ओट्यावर बसलेल्या कोणालाही विचारावे. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, पण ढाणकीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

खर्चाची भीती मात्र बव्हंशी निराधार आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. महाराष्ट्रात हिंसाचार, पोटगी व घटस्फोट यांच्या प्रकरणी स्त्रियांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. रखमाबाईच्या मागे जे उभे होते, डॉक्टर वडील, नावाजलेले वकील, बचाव समिती, दोन हजार रुपये, त्यांतला वकिलाचा आणि खर्चाचा भाग आज कायद्याने उचलला आहे. सखाराम अर्जुनांचा भाग कायद्याला उचलता येत नाही. नोटीस अजूनही बापाच्या हाती पडते. तिला वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्यावयाचे, त्यात मारहाणीच्या तारखा, दवाखान्याचे कागद, गेल्या बैठकांना हजर असलेल्यांची नावे घालावयाची, आणि त्याबरोबरच उमरखेडला अर्ज करावयाचा, हे सारे होईपर्यंत मुलगी ज्या घरी बसलेली असते ते घर भावजयीचेही असते. पुढल्या तारखेला सकाळच्या एस.टी.ने तिच्याबरोबर कोणी जावयाचे, हे आदल्या रात्री त्या घरात ठरते.